तापलेल्या धातूतला मत्स्यन्याय

पडद्यावर दोन छायाचित्रं आहेत. दोन्ही एकाच मिश्रधातूची, एकाच ओतीव तुकड्यातून कापलेल्या दोन नमुन्यांची, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेली. डावीकडे फरसबंदी केल्यासारखं दिसतं: चौकोनी ठोकळे, रांगेत, मध्ये बारीक फट राखून. उजवीकडे तेच ठोकळे गोलमटोल, वेडेवाकडे, काही एकमेकांत मिसळलेले, आणि संख्येने कितीतरी कमी. रासायनिक विश्लेषणाला दोन्ही नमुने पाठवले तर अहवाल एकच येईल. निकेल तेवढंच, ॲल्युमिनियम तेवढंच. ठोकळ्यांनी व्यापलेली एकूण जागासुद्धा जवळपास तेवढीच. उजवीकडचा नमुना १००० अंश सेल्सियसच्या भट्टीत काही हजार तास नुसता पडून होता, एवढाच काय तो फरक. त्याला कोणी ओढलं नाही, वाकवलं नाही, गंजू दिलं नाही. तरी त्याची ताकद उतरली.

आज या नुसतं पडून राहण्याबद्दल बोलू.

आधी हे ठोकळे करतात काय ते पाहू. धातू वाकतो तेव्हा त्याच्यातले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. पण अख्खा थर एकदम घसरत नाही. तसं असतं तर धातू वाकवायला आज लागतो त्याच्या शेकडो पट जोर लागला असता. मग काय होतं? हेच सभागृह घ्या. पहिल्या रांगेच्या टोकाची खुर्ची रिकामी आहे. शेजारचा माणूस उठून तिथे बसला, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्याही शेजारचा. रिकामी जागा रांगभर फिरून दुसऱ्या टोकाला पोचली की सगळी रांग एक खुर्ची सरकलेली असते, आणि कुठल्याही क्षणी उभा मात्र एकच माणूस होता. स्फटिकात अशीच एक दोषरेषा सरकत जाते. तिला डिस्लोकेशन म्हणतात. मराठीत पारिभाषिक शब्द आहेत, पण प्रयोगशाळेत सगळ्यांच्या तोंडी डिस्लोकेशनच असतं, म्हणून मीही तेच म्हणणार आहे.

धातू मजबूत करायचा म्हणजे या रेषेची वाट अडवायची. अडवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, पण सगळ्यात परिणामकारक मार्गांपैकी एक म्हणजे धातूच्या अंगात दुसऱ्याच रचनेचे बारीक कण पेरणं. यांना अवक्षेप म्हणतात. पाण्यात साका बसतो तसाच हा साका, फक्त घन पदार्थात, आणि तळाशी न बसता जिथल्या तिथे, सगळीकडे. कण लहान असेल तर डिस्लोकेशन त्याला कापून पलीकडे जातं. कण मोठा आणि कणखर असेल तर ते दोन कणांमधल्या फटीतून फुगून बाहेर पडतं आणि कणाभोवती एक कडं मागे सोडून जातं. ही दुसरी तऱ्हा एगॉन ओरोवान यांनी १९४८ साली मांडली. तिचा हिशेब सरळ आहे: फट दुप्पट रुंद झाली की लागणारा जोर निम्मा.

म्हणजे कण फार बारीक असले तर ते कापले जातात आणि फार मोठे झाले तर वळसा घालून टाळले जातात. मधला एक आकार उत्तम. हे विधान ऐकायला साधं आहे, पण त्यात एक खोच आहे. द्रव्य तेवढंच राहून कण मोठे व्हायचे असतील तर त्यांची संख्या घटणार, आणि संख्या घटली की फटी रुंदावणार. सरासरी आकार दुप्पट झाला तर संख्या एक अष्टमांश होते. आठातले सात कण नाहीसे होतात. उजवीकडच्या चित्रात तेच झालं आहे.

हे सगळं कळायच्या आधीच लोकांनी ते वापरायला सुरुवात केली होती. आल्फ्रेड विल्म हे जर्मन धातुतज्ज्ञ १९०६ च्या सुमारास ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं आणि मॅग्नेशियम मिसळून पोलादासारखं तापवून पाण्यात बुचकळत होते. लगेच मोजलं तर फारसा फरक नाही. दोन दिवसांनी पुन्हा मोजलं तर तोच तुकडा बराच कठीण झालेला! या दोन दिवसांत त्याला कोणी हात लावला नव्हता. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: धातू मुरला. मुरताना आत काय होतं, याचा अंदाज अमेरिकी धातुतज्ज्ञ मेरिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये मांडला, की अतिसूक्ष्म कण तयार होत असावेत. ते कण आहेत याची पहिली क्ष-किरणी खूण १९३८ मध्ये गिनिए आणि प्रेस्टन यांना स्वतंत्रपणे मिळाली. म्हणजे वीसेक वर्षं तरी माणसं न दिसणाऱ्या कणांच्या भरवशावर विमानं बांधत होती.

आणि मुरण्याला शेवट नसतो, ही त्यातली पुढची अडचण. धातू मुरतो, शिखराला पोचतो, आणि मुरतच राहतो. शिखरानंतरच्या उताराला अतिमुरण म्हणू. साध्या तापमानाला हा उतार इतका मंद असतो की आपल्या हयातीत जाणवत नाही. तापमान वाढलं की जाणवतो. कॉन्कॉर्ड हे स्वनातीत प्रवासी विमान आवाजाच्या सुमारे दुप्पट वेगाने उडायचं, आणि त्याच्या नाकाचं तापमान १२७ अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचं नाही असं बंधन होतं. उकळत्या पाण्याच्या थोडंसंच पुढचं तापमान! पण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि अणूंच्या हालचालीच्या दृष्टीने १२७ अंश हे त्याच्यासाठी बरंच तापलेलं आहे. त्या विमानासाठी आरआर ५८ नावाची मिश्रधातू निवडली गेली, कारण हजारो तासांच्या उबेतही ती आपलं बळ बऱ्यापैकी टिकवून धरते.

आता मुख्य प्रश्न. कण मोठे का होतात?

कणाच्या पृष्ठभागावरचे अणू आतल्या अणूंइतके समाधानी नसतात. त्यांना एका बाजूने आपल्या रचनेतले शेजारी मिळतात, दुसऱ्या बाजूने परके. या असमाधानाला किंमत असते, तिला आंतरपृष्ठ ऊर्जा म्हणतात. आता ४ नॅनोमीटर व्यासाचा गोल कण घ्या. ढोबळ हिशेब केला तर त्याच्यातले एक तृतीयांश अणू पृष्ठभागावर येतात. ४०० नॅनोमीटरचा घेतला तर हजारात जेमतेम चार. सगळं द्रव्य थोड्या मोठ्या कणांत गोळा झालं तर एकूण पृष्ठभाग घटतो आणि ऊर्जेची बचत होते. निसर्गाला ही बचत हवी असते.

पण हवी असते म्हणून ती होते कशी? लहान कणाला कुठून कळतं की आपण लहान आहोत? इथे रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड येतात. १९०० साली त्यांनी पाऱ्याच्या ऑक्साइडकडे लक्ष वेधलं. त्याची एक भुकटी पिवळी, एक लाल. पदार्थ एकच, फरक कणांच्या आकाराचा. बारीक कणांची विद्राव्यता मोठ्या कणांपेक्षा जास्त असते, हा त्यांचा मुद्दा. म्हणून या सगळ्या प्रकाराला ऑस्टवाल्ड पक्वन म्हणतात. पक्वन हा शब्द मला फारसा आवडत नाही. पिकणं म्हटलं की काहीतरी बरं घडतंय असं वाटतं. मी आपलं ‘कण भरड होणं’ म्हणतो.

पडद्यावरच्या मिश्रधातूत, म्हणजे ॲल्युमिनियम मिसळलेल्या निकेलमध्ये, हे असं चालतं. कणांच्या मधल्या भागात ॲल्युमिनियमचे काही अणू विरघळलेले असतात. लहान, तीव्र वळणाच्या कणालगत त्यांचं प्रमाण किंचित जास्त असतं, मोठ्या कणालगत किंचित कमी. जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे अणू झिरपतात. लहान कण अणू सोडतो, मोठा घेतो. ‘किंचित’ म्हणजे किती? निकेलच्या मिश्रधातूत, काही दहा नॅनोमीटरच्या कणांसाठी, हा फरक साधारण एक टक्क्याच्या आतला असतो. इतकासा उतार! पण तापमान पुरेसं असेल तर अणूंना तेवढा पुरतो, आणि घाई कोणालाच नसते.

व्याख्यानाच्या शीर्षकात मी मत्स्यन्याय म्हटलं आहे. मोठा मासा लहानाला गिळतो, तसं. आता ती उपमा मला जरा मागे घ्यावी लागणार. इथे कोणी कोणाला तोंड लावत नाही. मोठ्या कणाला लहान कणाचा पत्तासुद्धा नसतो. दोघांचाही व्यवहार फक्त मधल्या सामायिक साठ्याशी आहे. त्या साठ्याच्या सरासरी प्रमाणाशी बरोबर जुळणारा एक आकार असतो. त्याहून मोठे कण वाढतात, त्याहून लहान विरतात. त्या आकाराला उंबरठा म्हणू. आता गंमत अशी की लहान कण संपत गेले की साठ्याची पातळी उतरते, आणि पातळी उतरली की उंबरठा वर सरकतो. म्हणजे काल उंबरठ्याच्या वर असलेला, वाढता कण आज उंबरठ्याखाली सापडतो आणि विरायला लागतो. दर तासाला उत्तीर्ण व्हायचे गुण वाढवत नेणारी परीक्षा समजा. आज जो घेणारा आहे तो बहुधा उद्या देणारा होणार. या संपूर्ण विषयात मला स्वतःला सगळ्यात देखणी वाटते ती ही गोष्ट.

याचं गणित १९६१ च्या आसपास दोन ठिकाणी उभं राहिलं. सोव्हिएत संघात इल्या लिफ्शिट्झ आणि स्ल्योझोव, जर्मनीत कार्ल वागनर. तिघांच्या नावांची आद्याक्षरं घेऊन त्याला एलएसडब्ल्यू सिद्धान्त म्हणतात. निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो: सरासरी त्रिज्येचा घन काळाच्या प्रमाणात वाढतो. घन कुठून आला हे सूत्राशिवायही सांगता येतं. अणूंना ढकलणारा प्रमाणातला फरक त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, कण मोठे झाले की तो मवाळ होतो. अणूंना चालायचं अंतर त्रिज्येच्या सम प्रमाणात असतं, कण मोठे झाले की ते लांबतं. ढकलणारा हात ढिला आणि वाट लांब, त्यामुळे वाढीचा वेग त्रिज्येच्या वर्गाने घटतो. एवढं मान्य केलं की घन आपोआप येतो.

याचा व्यवहारातला अर्थ बघा. आकार दुप्पट व्हायला १०० तास लागले असतील तर तिथून पुन्हा दुप्पट व्हायला ८०० तास लागतील, आणि त्यापुढच्या दुपटीला ६४००. भट्टीतून काढलेल्या ताज्या नमुन्याची पहिल्या आठवड्यातली घसरगुंडी पाहून घाबरायचं नसतं. उलट, पुढे ती मंदावली म्हणून थांबली असंही समजायचं नसतं.

त्या सिद्धान्ताने आणखी एक भाकीत केलं होतं. सुरुवातीला कण कसेही असोत, पुरेशा काळानंतर त्यांच्या आकारांची वाटणी एकाच ठरावीक साच्यात येते, आणि सर्वांत मोठा कण सरासरीच्या दीडपटीपलीकडे जात नाही. चढाओढ असूनही कोणी अवाढव्य होत नाही, कारण मोठ्या कणाला एक थर चढवायलाही ढीगभर अणू लागतात. प्रत्यक्षात मोजलं तर दीडपटीहून मोठे कण सापडतात आणि वाटणी सिद्धान्तापेक्षा पसरट असते. कारण उघड आहे. त्या तिघांनी कण एकमेकांपासून फार दूर आहेत असं धरलं होतं, आणि पडद्यावरच्या डाव्या चित्रात सत्तर टक्के जागा कणांनीच व्यापली आहे! इतक्या गर्दीत मूळ गृहीतकातलं जवळजवळ काहीच खरं उरत नाही, तरी घनाचा नियम बराचसा टिकतो. २००५ मध्ये आर्डेल आणि ओझोलिन्स यांनी असंही दाखवलं की सुव्यवस्थित रचनेच्या कणांत अणूंची खरी अडचण सीमारेषा ओलांडताना होते, आणि मग घातांक तीनऐवजी दोन ते तीनच्या मध्ये येतो. त्यावर वाद आहेत. माझं मत विचाराल तर आकार चार-पाच पटीने वाढेपर्यंत मोजत राहिल्याशिवाय या दोहोंतला फरक आकडेवारीतून सिद्ध होत नाही, आणि तेवढा धीर फार थोड्या प्रयोगांत असतो.

सिद्धान्ताचा खरा उपयोग मात्र वेगळाच आहे. वाढीचा वेग कशाकशावर अवलंबून आहे ते तो सांगतो: आंतरपृष्ठ ऊर्जा, अणूंच्या विसरणाचा, म्हणजे झिरपत पसरण्याचा, वेग आणि मूळ धातूतली त्यांची विद्राव्यता. मिश्रधातू घडवणाऱ्याच्या हातात याच तीन किल्ल्या असतात. चौथी म्हणजे तापमान, पण ते इंजिनवाला ठरवतो आणि तो नेहमी वाढवूनच मागतो.

पहिल्या किल्लीचं उत्तम उदाहरण म्हणजे निकेलच्या सुपरअलॉय. जेट इंजिनच्या टर्बाइनची पाती यांचीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पहिली जेट इंजिनं घडत होती तेव्हा त्यांच्या पात्यांसाठी निमोनिक मालिकेतल्या मिश्रधातू आल्या. निकेल-क्रोमियममध्ये थोडं टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम घातलं की ताकद वाढते हे दिसत होतं. ती वाढवणाऱ्या कणांना आज आपण गॅमा प्राइम म्हणतो. तीन निकेलला एक ॲल्युमिनियम, अशी रचना. घनाच्या कोपऱ्यांवर ॲल्युमिनियम, फलकांच्या मध्यावर निकेल. आणि भोवतालचं निकेल? त्याचीही तीच चौकट, फक्त त्यात कोण कुठे बसायचं हे ठरलेलं नाही. दोन्ही चौकटींच्या मापात फरक बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आत. त्यामुळे कण आणि भोवताल यांच्यातली सीमा जवळपास सांधा न दिसणारी, आणि आंतरपृष्ठ ऊर्जा अगदी कमी. पृष्ठभाग वाचवण्यात फायदाच थोडा, म्हणून भरड व्हायची ओढही थोडी. निकेल वितळतं १४५५ अंशांना. त्याच्या इतक्या जवळच्या तापमानाला, म्हणजे ११०० अंशांच्या आसपासही, हे कण हजारो तास तग धरतात ते यामुळेच.

त्यात गॅमा प्राइमचा स्वतःचा एक चमत्कारिक गुण आहे. तापवल्यावर तो मऊ होत नाही, साधारण ७००-८०० अंशांपर्यंत कठीण होत जातो. धातूंच्या दुनियेत हे विरळाच.

ठोकळे चौकोनी का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. कण अगदी लहान असतो तेव्हा पृष्ठभागाची ऊर्जा वरचढ असते आणि तो गोल असतो. वाढत गेला की चौकटींच्या मापातला तो अर्धा टक्का बोचायला लागतो, आजूबाजूचा स्फटिक ताणला जातो. निकेलचा स्फटिक घनाच्या बाजूंच्या दिशेने त्यातल्या त्यात लवचीक असतो, म्हणून कण त्या दिशांना सपाट होतात आणि एकमेकांशी रांग धरतात. डावीकडची फरसबंदी अशी घडते. या चित्रातला एकेक ठोकळा सुमारे ४०० नॅनोमीटरचा आणि मधली फट पन्नासेक नॅनोमीटरची. एका घन मिलिमीटरमध्ये असे हजार कोटींहून जास्त ठोकळे बसतात.

चालू इंजिनात मात्र गोष्ट आणखी बदलते, कारण पातं नुसतं तापत नाही, गरगर फिरतही असतं, आणि केंद्रोत्सारी बलाने ते टोकाकडे ओढलं जातं. आधुनिक पात्यांच्या मिश्रधातूंत कणाची चौकट भोवतालपेक्षा किंचित लहान असते. अशा पात्याला ओढलं की आडव्या आणि उभ्या फटींतला ताण सारखा राहत नाही, आणि अणू एका प्रकारच्या फटींतून दुसऱ्या प्रकारच्या फटींत जाऊ लागतात. ठोकळे आजूबाजूच्यांना जुळत जातात आणि ओढीच्या काटकोनात लांबच लांब पट्टे तयार होतात. याला तराफे बनणं म्हणतात. हेही एक प्रकारचं भरड होणंच, पण दिशा असलेलं. काही काळाने आतबाहेर उलटतं: जे कण होते तेच सलग होतात आणि मूळ निकेल त्यात बेटांसारखं उरतं. तराफे चांगले की वाईट यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. खूप जास्त तापमान आणि कमी ताण असेल तर ते डिस्लोकेशनचं एका थरातून वरच्या थरात चढणं अडवतात, कमी तापमान आणि जास्त ताण असेल तर नुकसान करतात. पातं तर एकाच उड्डाणात दोन्ही अवस्थांतून जातं.

दुसरी किल्ली विसरणाची. इथे ऱ्हेनियम येतं. ३१८६ अंशांना वितळणारा, जड, दुर्मीळ धातू. एकस्फटिकी, म्हणजे अख्खं पातं एकच स्फटिक असलेल्या, पात्यांच्या दुसऱ्या पिढीत तो सुमारे ३ टक्के घातला गेला, तिसऱ्या पिढीत सुमारे ६. ऱ्हेनियमचे अणू निकेलमध्ये अतिशय आळशी असतात आणि गॅमा प्राइममध्ये शिरायला फारसे राजी नसतात. त्यामुळे कणाला वाढायचं असेल तर पुढ्यातल्या ऱ्हेनियमला आधी बाजूला व्हावं लागतं, आणि तो तर हलायलाच तयार नसतो. सगळ्यांची गती या एका मंद चालणाऱ्यावर ठरते. किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. पातं महाग होतं, जड होतं, आणि फार ऱ्हेनियम घातलं तर काही काळाने सुईसारख्या ठिसूळ, नको असलेल्या प्रावस्था, म्हणजे वेगळ्याच रचनेचे भाग, उगवतात. मग त्यांना आवरायला चौथ्या पिढीत रुथेनियम घालावं लागलं. एक खोड जिरवायला दुसरी खोड लावून घेतली, असंच धातुविज्ञानात बरंचसं चालतं.

तिसऱ्या किल्लीचं, विद्राव्यतेचं, टोकाचं उदाहरण म्हणजे ऑक्साइड. लोखंड किंवा निकेलमध्ये यिट्रियमच्या ऑक्साइडचे कण यांत्रिक दळणाने घुसवतात. ऑक्साइड धातूत जवळजवळ विरघळतच नाही, मग साठाच रिकामा, देवाणघेवाण होणार कशाची? कण वर्षानुवर्षं तसेच राहतात. पण अशी मिश्रधातू ओतता येत नाही, नीट जोडता येत नाही, वितळवून वेल्डिंग केलं की ऑक्साइड तरंगून गोळा होतं.

ॲल्युमिनियममध्ये स्कँडियम आणि झिर्कोनियम एकत्र वापरून एक सुरेख युक्ती करतात. स्कँडियम चपळ आहे, ते आधी कण बनवतं. झिर्कोनियम मंद आहे, ते मागाहून पोचतं आणि त्याच कणांवर कवच चढवतं. आता आतल्या स्कँडियमला बाहेर पडायचं तर या सुस्त पहारेकऱ्यातून जावं लागतं. कोणीही हाताने न घडवता हे कवच बसतं, केवळ दोघांच्या चालीतल्या फरकाने.

पोलादाबद्दल थोडक्यात, पण सांगायलाच हवं असं. औष्णिक वीज केंद्रांत ६०० अंशांच्या आसपासच्या वाफेच्या नळ्यांसाठी ९ ते १२ टक्के क्रोमियमची पोलादं वापरतात. त्यांची मदार व्हॅनेडियम आणि नायोबियमच्या बारीक नायट्राइड कणांवर. हे कण स्वतः फारसे भरड होत नाहीत. पण फार काळाने तिथे झेड प्रावस्था नावाचे मोठे कण उगवतात आणि हे बारीक कण खाऊन वाढतात. ही प्रावस्था जास्त स्थिर, फक्त जन्माला यायला अतिशय संथ. नळीचं आयुष्य १,००,००० तास धरतात, म्हणजे साडेअकरा वर्षांच्या आसपास. काही हजार तासांच्या चाचण्यांवरून रेघ पुढे ओढली तेव्हा १२ टक्क्यांची काही पोलादं फार आशादायक वाटली होती. पुढे ती रेघ खाली वाकली. आकार मोजणारं गणित बरोबर होतं, पण खेळात नंतर येणारा खेळाडू कोणी धरलाच नव्हता.

या सगळ्याचा एक उलटा उपयोगही आहे. कणांचा आकार तापमानावर इतका अवलंबून असेल तर आकारावरून तापमान ओळखता येईल का? येतं. निकेलमध्ये ९०० अंशांवरून ९५० वर गेलं की वाढीचा वेग ढोबळमानाने तिप्पट होतो. चालत्या इंजिनातल्या पात्यावर तापमापक बसवणं महाकठीण. पण सेवेतून उतरलेलं पातं कापून जागोजागीचे कण मोजले आणि भट्टीत मुद्दाम तापवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिले, तर कुठला भाग किती तापला होता याचा नकाशा मिळतो. मी पहिल्यांदा असा नकाशा काढला तेव्हा सगळ्यात गरम जागा मला सगळ्यात थंड दिसली. दोन दिवस मी शीतन-मार्गांबद्दल भन्नाट तर्क लढवत होतो. मग मोठ्या आवर्धनाखाली पाहिलं. मोठ्या ठोकळ्यांच्या फटींत इवलेइवले कण होते. ते कामाच्या तापमानाला नव्हतेच, इंजिन बंद झाल्यावर थंड होताना जन्मले होते, आणि संगणकाने त्यांनाही सरासरीत धरलं होतं. जितकी जागा जास्त गरम, तितके थंड होताना नवे कण जास्त, तितकी सरासरी लहान.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे: “भरड झालेले कण पुन्हा बारीक करता येतील का?” येतील. लहान कण मोठे होण्याची वाट एकेरी आहे, पण सगळे कणच पुसून टाकून पाटी कोरी करता येते. १३०० अंशांच्या जवळपास नेलं की गॅमा प्राइम निकेलमध्ये विरघळून जातं. मग झटपट थंड करायचं आणि कमी तापमानाला पुन्हा मुरवायचं. हे पाहा तिसरं छायाचित्र. हे उजवीकडच्याच नमुन्याचं चित्र आहे, असं करून झाल्यावरचं. ठोकळे परत आले आहेत, रांगेसकट.

हा नमुना भट्टीत नुसता पडून होता, म्हणून हे इतकं सोपं गेलं. इंजिनातून आलेल्या पात्यात ताणाने बारीक पोकळ्याही पडलेल्या असतात, त्या तापवून बुजत नाहीत. त्यासाठी सगळीकडून वायूचा प्रचंड दाब देऊन तापवावं लागतं, आणि पृष्ठभागापर्यंत उघडलेल्या भेगा त्यानेही मिटत नाहीत. आणि पातं एकस्फटिकी असेल आणि वापरात कुठे वाकलं असेल, तर १३०० अंशांना त्या जागी नवे स्फटिक उगवतात. मग ठोकळे अगदी डावीकडच्या चित्रासारखे दिसतात, पण ज्या एका स्फटिकासाठी एवढा खर्च केला तोच राहिलेला नसतो. दिवे लावा, पुढच्या चिठ्ठ्या घेऊ.